गावाबाहेर नेलेली बाग

आत्या झाडांशी कचेरीतल्या मराठीत बोलायच्या आणि कचेरीतल्या साहेबांशी मालवणीत. मी शाळेत रुजू झाले त्या आठवड्यातच हे माझ्या कानांवर पडलं. शाळेशेजारच्या कुणग्यात, म्हणजे भातशेतीच्या त्या छोट्याशा तुकड्यात, एक उंच बाई साडीवर पुरुषी शर्ट घालून उभी होती आणि दुधीच्या वेलाला सांगत होती, "सदर वेलाने मंडप सोडून कुंपणावर अतिक्रमण केले आहे. आपल्याला वारंवार तोंडी समज देण्यात आली आहे. तरी तात्काळ सुधारणा व्हावी."

मला वाटलं, यांचं डोकं फिरलेलं दिसतंय. पण भोवती उभ्या असलेल्या आमच्या शाळेच्या मुलांपैकी कुणीही हसत नव्हतं. त्यातल्या एकाने दुधीचा शेंडा उचलला आणि गपचूप मंडपावर नेऊन ठेवला.

पुढे एकदा केंद्रप्रमुख शाळा बघायला आले. त्यांनी बागेत येऊन अदबीने विचारलं, "मॅडम, या उपक्रमामागचं आपलं उद्दिष्ट काय?"

"उद्दिष्ट मरांदे," आत्या म्हणाल्या. "सायबानू, तुमी मुळ्याचो पालो खातास काय नाय ता आदी सांगा."

"म्हणजे... घरी करत नाहीत."

"बघा! मगे पोरां कित्याक खातली?"

साहेब जाताना मुळ्याची जुडी घेऊन गेले. उद्दिष्टाच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र मला कळलं नाही. मी आत्यांना विचारलं, तुम्ही भाषा अशी उलटी का वापरता? त्या म्हणाल्या, "ज्येका जी भाषा समाजता, त्या भाषेत सांगला काय तो आयकना नाय." मी यावर बरेच दिवस विचार केला. कधी वाटलं यात फार खोल काही आहे, कधी वाटलं काहीच नाही. अजूनही माझं नक्की ठरलेलं नाही.

त्या गावातल्या सगळ्यांच्याच आत्या होत्या. तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झाल्या आणि लग्न केलं नसल्यामुळे सरळ वडिलांच्या घरी परत आल्या. भावाची मुलं त्यांना 'आते' म्हणत, त्यांचं ऐकून वाडी म्हणू लागली, मग शाळा म्हणू लागली. बाग त्यांनीच सुरू केली. तिला शाळेची म्हणावं तर वाडीतल्या प्रत्येक घराचं तिच्यात काही ना काही होतं. कुणी शेण दिलं, कुणी चुलीतली राख, कुणी मांडवासाठी बांबू. मालवणात मासेमारी करणाऱ्या एका जावयाने फाटकी जाळी आणून दिली, तिचं कुंपण झालं. आमच्या बागेत कोंबड्या शिरायला बघत आणि माशांसारख्या अडकत. शाळेतल्या दुपारच्या जेवणात बागेतली भाजी पडे. उरलेली कुणाच्याही घरी जाई. कुणाच्या घरी जायची ते मुलं ठरवत. त्यात कसलाही न्याय नसे आणि आत्या त्यात पडत नसत.

मी कसालजवळच्या एका आतल्या गावातली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आईवडिलांनी दुसऱ्यांच्या काजूच्या बागांत राबून मला शिकवलं. त्यामुळे शिक्षणाविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो थोडा घाबरट आहे. पुस्तकात लिहिलंय ते खरं, क्रमाने शिकवायचं, शेवटी प्रश्न विचारायचे. आत्यांकडे क्रम नावाची गोष्टच नव्हती. एखाद्या झाडाचं नाव त्या मुलांना ते खाल्ल्याशिवाय सांगत नसत. शर्टाच्या खिशात मिठाची डबी असे. पान धुवायचं, मिठाला लावायचं, चावायचं, आणि मग कशासारखं लागतं ते बोलायचं. इतकं करूनही मुलांनी नाव विचारलं की त्यांचा मूड असेल तर सांगत, नाहीतर म्हणत, "तूच ठेव मगे."

पावसाळ्यात टाकळा उगवतो. त्याची पानं संध्याकाळी मिटतात. मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'मिटतो पाला'. चाचणीत मी विचारलं, पावसाळ्यातल्या एका रानभाजीचं नाव लिहा. चौथीतल्या तन्वीने लिहिलं, मिटतो पाला. मी अर्धा गुण दिला. दुसऱ्या दिवशी आत्या थेट वर्गात आल्या.

"एकतर पुरो मार्क दी, नायतर दिव नको. अर्धो काय? अर्धो टाकळो कोण खाता?"

"पण आत्या, नाव चुकलंय."

"चुकलाच आसा. मगे शून्य दी."

मी पूर्ण दिला. त्यावरही त्या खूश दिसल्या नाहीत.

अळवाचा प्रसंग तर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. कुंपणाच्या बाहेर रानटी अळू माजलं होतं. मुलांनी ते कच्चं तोंडात घालू नये म्हणून मी वर्गात चांगली समज दिली होती. आत्यांनी मुलांना गोल बसवलं, मध्ये स्वतः बसल्या, त्या अळवाचं एक कच्चं टोक तोडलं आणि चावलं. मी धावले, पण तोवर त्यांनी गिळलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ओठ सुजले. त्या तशाच ताठ बसून राहिल्या आणि मुलं देवासमोर बसावं तशी त्यांच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी आमसूल तोंडात धरलं.

तन्वीने हळूच विचारलं, "आते, कसा लागता?"

"खाजता."

"मगे खाल्लंस कित्याक?"

"तुमी खावचा नाय म्हणान."

"मगे नुसता सांगूचा नाय?"

"बाई सांगतत नाय तुमका रोज? आयकतास?"

सगळी मुलं माझ्याकडे बघून हसली. मला राग यावा की हसू यावं ते कळेना. एवढं मात्र खरं, की त्यानंतर त्या अळवाला कुणी हात लावला नाही.

एकदा माझे बाबा मला भेटायला आले. मी शेणाचा काला बादलीत कालवत होते. ते तिथेच थबकले. म्हणाले, "बाये, ह्याच्यासाठी तुका शिकयलंय?" शिकलीस की मातीत हात घालायला नको, हे ऐकत मी वाढले होते.

आत्या कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमी चेडवाक कित्याक शिकयलास?"

"तिका शेणात हात घालूचो लागू नये म्हणान."

"लागना नाय तिका," आत्या म्हणाल्या. "ती आपणान घालता."

बाबा आत आले. जेवले, वालीच्या थोड्या बिया मागून घेतल्या आणि एसटीने परत गेले. त्यांना पटलं की नाही, मी विचारलं नाही. मला स्वतःला कुणाचं पटलं होतं तेही मला ठाऊक नव्हतं. बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या हातांवर काजूच्या चिकाचे डाग आहेत.

आता गावपळणीचं सांगते. आत्यांचं नाव निघालं की मला पहिल्यांदा तेच आठवतं.

कुणग्याचे मालक गावातच राहत. सगळे त्यांना काका म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण बागेतली भाजी आत्यांच्या कष्टाची, पोरं नुसती खेळतात, आणि जमीन रिकाम्या खेळासाठी नसते असं त्यांचं मत होतं. त्यांनी त्या दिवाळीत आत्यांना सर्वांसमक्ष सांगितलं, "ह्या हिवाळ्यात पोरांनी ह्या कुणग्यात भाजी उभी करून दाखवली तर कुणगो पोरांचो. नाय जमला तर मी खड्डे मारूक घेतलंय. पावसात काजीची कलमां लावतलंय."

"कबूल," आत्या म्हणाल्या. एवढंच. मी म्हटलं, थोडी मुदत तरी मागून घ्या. तर म्हणाल्या, "बोलणा झाला ता झाला."

मुलं कधी नव्हे इतकी राबली. शाळा भरण्याआधी विहिरीचं पाणी कळश्यांनी आणून वाफे शिंपायची. वांगी, मिरची, मुळा, नवलकोल वीतभर वर आले. लाल माठ नुकताच नखाएवढा उगवला होता. आणि नेमका तेव्हा गावपळणीचा कौल झाला.

आमच्या कसालकडे ही प्रथा नाही, त्यामुळे मला ती नवीनच होती. काही वर्षांनी एकदा त्या गावाने देवाला कौल लावायचा. पाषाणाला चिकटवलेला प्रसाद उजवीकडून सुटला की सगळ्या गावाने वेशीबाहेर जायचं. तीन दिवस, तीन रात्री गाव देवाचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी बाहेर. वेशीवरच्या वहाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, झावळ्यांच्या झोपड्या बांधायच्या, तिथे रांधायचं, फुगड्या घालायच्या, आणि परतीचा कौल झाला की घरी यायचं. मध्ये कुणीही पाऊल आत टाकायचं नाही.

मला धसका बसला तो रोपांचा. मार्गशीर्षातलं ऊन, तीन दिवस पाण्याविना. मी आत्यांना म्हटलं, काहीतरी करायला हवं. मला वाटलं होतं, या बाई देवळात फारशा जात नाहीत, गावकऱ्यांशी भांडतात, या नक्की काही मार्ग काढतील. त्या म्हणाल्या, "देवाचो कौल आसा. जावचा." आणि त्या दिवसापासून त्या झोपडीसाठी झावळ्या विणायला बसल्या.

निघायच्या दिवशी सकाळी मी वहाळ ओलांडून पुढे गेले. मागून गाव येत होतं. कोंबड्यांच्या टोपल्या, पोत्यातून ओरडणारी मांजरं, दुचाकीवर बांधलेल्या गाद्या. आणि त्या रांगेत शाळेची मुलं दिसली. प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी होतं. घमेलं, रोवळी, परात. त्यातून हिरवं डोकावत होतं.

तन्वी पुढे होती. तिने घमेलं माझ्यासमोर उतरवलं. "बाईनू, ह्यां खंय ठेवू?"

"काय आहे हे?"

"वांगी. मिरची मागसून येता."

ओल्या गोणपाटाखाली रोपं एकमेकांवर निजवली होती. मुळांना माती होती.

"तुम्ही सगळं उपटलं?"

"उपाटला नाय बाईनू, काडला. मुळांसकट. मातीपण घेतलंव."

"अगं, पण का?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी विसरले होते. "गावात जिवंत काय ठेवूचा नाय मा? कोंबडी हाडली, मांजार हाडला. झाडां पण जिवंत आसत. तुमीच फळ्यार लिवलास."

लिहिलं होतंच. सजीव आणि निर्जीव असे दोन रकाने केले होते, आणि झाडांना काट्याने जखम होते की नाही यावर आत्यांनी त्याच दिवशी वेगळा तास घेतला होता. मला त्या मुलीच्या म्हणण्यात एक चूक दाखवता येईना. शेजारून जाणाऱ्या एका बाईने गाठोडं सावरत हाक दिली, "अगो बघा, ह्या चेडवान बापाशीक मागे ठेवल्यान आनी वांग्यांका हाडल्यान!" सगळे हसले. तन्वी हसली नाही. ती वांग्याच्या रोपांवर पाणी शिंपडत होती.

बाग गेली होती. काकांना दाखवायचं काही उरलंच नव्हतं.

तेवढ्यात आत्या आल्या. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात मांजर. त्यांनी घमेली बघितली. मला वाटलं, आता ओरडतील, किंवा हसतील, किंवा रडतील. त्या पेटी खाली ठेवून उकिडव्या बसल्या, एक वांग्याचं रोप उचलून मूळ निरखलं.

"कोणी सांगल्यान काडूक?"

"कोणी नाय."

"सगळी काडलास?"

"लाल माठ तेवडो रवलो," तन्वी म्हणाली. "तो बारीक आसा, हातात येय ना."

"मगे?"

तन्वीचा चेहरा पडला. "तेका सांगान इलंव."

आत्या उठल्या. मांजर माझ्या हातात दिलं. वहाळापलीकडे मळईची, गाळाच्या मातीची जागा होती, ती शेजारच्या गावातल्या एका म्हातारीची. तिच्याकडे गेल्या, दोघी बराच वेळ हातवारे करत बोलल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "ऊन कलांदे. मगे लावया."

संध्याकाळी सगळ्या मुलांनी त्या परक्या जमिनीत रोपं लावली. आयाही आल्या, पाणी घातलं. गावपळणीतल्या फुगड्या बाजूला राहिल्या. मुळा दुसऱ्या दिवशीच मान टाकून पडला. मुळ्याला हलवलेलं चालत नाही हे आत्यांनी तेव्हा मुलांना सांगितलं. आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "आदी तो हलवूचो होतो कोणाक?" वांगी, मिरची आणि नवलकोल मात्र तिसऱ्या दिवशी ताठ उभे राहिले.

परतीचा कौल झाला. मुलं रोपं काढायला घमेली घेऊन सरसावली. आत्या वाफ्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"हात लावूचो नाय."

"पण आते, आमची आसत ती!"

"आसत. हयच आसत."

मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, निदान वांगी तरी नेऊ, ती पुन्हा लागतात. काका उद्या बघायला येतील. कुणगा रिकामा दिसला तर ते खड्डे मारतील आणि मुलांची बाग कायमची जाईल. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, त्यांनी मूळ धरल्यानी." आणि पेटी उचलून चालू लागल्या. रोपांची काळजी होती, की हट्ट होता, की मुलांना काही शिकवायचं होतं? त्या पुढे काही वर्षांनी वारल्या. तोवर मी त्यांना हे दोनदा तरी विचारलं असेल. एकदा त्यांनी सांगितलं, रोपं मेली असती. दुसऱ्यांदा सांगितलं, मेली नसती.

दुसऱ्या दिवशी काका आले. काखेत खुंट्यांचा भारा आणि हातात सुतळीचं रिळ. खड्ड्यांच्या जागा आखायच्या तयारीनेच आले होते. वाफ्यांत रोपं होती तिथे फक्त मुठीएवढी भोकं होती, ओळीने. लाल माठ करपून मातीला चिकटला होता. मुलं कुंपणाला लागून उभी होती. आत्या त्यांच्या मागे.

काका भोकांकडे बघत राहिले. "ह्यां काय? डुकरां इली?"

"आमी काडलंव," तन्वी म्हणाली. "गावपळणीक व्हरूक."

"झाडां?"

"जिवंत आसत मा ती. म्हणान."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग आत्यांकडे.

"आनी माजी काजी?" काका म्हणाले. त्यांना राग आला होता की ते खरंच विचारत होते, कळायला मार्ग नव्हता. "माजे माड? फणस? ते रवले थयच. त्यांका कोणी व्हरूक नाय तो?"

तन्वीने जरा विचार केला. "ती मोठी आसत काकानू. देव त्यांका वळाखता. आमची नवीन होती."

काकांनी खुंट्यांचा भारा या काखेतून त्या काखेत घेतला. वाकले, एका भोकावर पायाच्या अंगठ्याने माती सारली. मग दुसऱ्या भोकावर.

"वळख होवंदे मगे," ते म्हणाले. "पेरा परत."

मुलांना पहिल्यांदा समजलंच नाही. मला समजलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण आत्या मुलांना बाजूला सारून पुढे आल्या. चेहरा लाल झालेला.

"तसा नाय. बोलणा काय झालेला? भाजी उभी करूची. भाजी उभी नाय. कुणगो तुजो."

"तू गप रव गो आते."

"गप कित्याक रवू? पोरां काय शिकतली ह्येतसून?"

"व्हय, भाजी नाय झाली," काका म्हणाले. "पण..."

"पण काय?"

काकांनी सुतळीचं रिळ खिशात घातलं.

"पण काय ता माका पण समाजणा नाय," ते म्हणाले. "पेरा तुमी."